मनखूलच्या बाल्कनीतला मनिलाचा किल्ला

तीन वर्षं लागोपाठ दुबईतल्या मराठी मंडळाच्या स्पर्धेत आमच्या दिवाळीच्या किल्ल्याचा दुसरा नंबर आला होता, आणि तिन्ही वर्षं पहिला नंबर अल बर्शाच्या त्याच कुटुंबाने पळवला होता. थर्माकोलचा किल्ला, आत लाइटिंग, वर रिमोटने फिरणारा झेंडा. मातीचा कण नाही हो त्यात! पण इथल्या आमच्या मराठी मंडळींना झगमगाट दिसला की झालं. म्हणून त्या दिवाळीला मी पदर खोचूनच बसले होते. पहिला नंबर आमच्या मनखूलमध्ये आणायचा म्हणजे आणायचा.

आठवडाभर आधी बाल्कनीत, एसीच्या युनिटशेजारी, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक माती कालवत होतो. नर्सरीतल्या मातीच्या दोन पिशव्या आणि अल ऐनच्या रस्त्यावरून भरून आणलेली तांबडी वाळू. समोरच्या फ्लॅटमध्ये मनिलाची एक नर्स राहते. ड्यूटीवरून येताना ती आमच्यासाठी पाव घेऊन आली आणि बाल्कनीच्या दारातच थबकली. दिवाळीत किल्ला कशाला, असं तिने विचारलं. मग काय, मी सुरूच झाले. मावळे, बुरूज, वेढे, फितुरी! तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्या मनिलालाही तटबंदी आहे, आणि माझे खापरपणजोबा तिच्या बाहेर उभे होते.

बाहेर का, ते तिने सांगितलं आणि माझे हात मातीतच राहिले.

सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मनिलावर तीनशे वर्षं स्पेनचं राज्य. तिथले लोक बंड करून उठले, मुलूख घेत घेत आले आणि राजधानीला जमिनीकडून वेढा घालून बसले. तेवढ्यात अमेरिका आणि स्पेन यांची जुंपली आणि अमेरिकेच्या युद्धनौका मनिलाच्या खाडीत येऊन उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं, चला, मित्र आला. मित्राने गोड बोलून त्यांचे काही खंदकही मागून घेतले. आणि पाठीमागे? पाठीमागे स्पेनच्या अधिकाऱ्यांशी संधान! ठरलं काय, तर दोन्हीकडून थोड्या तोफा उडवायच्या, मग स्पेनने पांढरं निशाण लावायचं. स्पेनची अब्रू राहील, शहर अमेरिकेला मिळेल. अट एवढीच की वेढा घालून बसलेल्या त्या लोकांना आत पाऊल टाकू द्यायचं नाही.

लुटुपुटीची लढाई! मी ओरडलेच. लेकीने टॅबवर शोधून खात्री करून घेतली, "मम्मा, इट्स ट्रू. दे फेक्ड इट." मग ती एकेक वाचत सुटली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने ग्वाम घेतलं, प्वेर्तो रिको घेतलं, हवाई बेटं जोडून टाकली. आणि फिलिपिन्स तर स्पेनकडून चक्क विकत घेतलं, वीस मिलियन डॉलरला. सवयीने मी त्याचे आधी दिरहम केले, मग रुपये, आणि मग माझी मलाच लाज वाटली. मी इतिहास घेऊन बीए झालेली बाई. अमेरिका म्हणजे इंग्रजांना हाकलणारा देश, एवढंच माझ्या डोक्यात. त्यानेही समुद्रापलीकडचे देश घेऊन ठेवले होते, हे माझ्या गावीही नव्हतं.

माझ्या अंगातच आलं. अर्धा झालेला किल्ला मी त्याच दिवशी मोडला आणि जाहीर केलं की यंदा मनिला. नवरा म्हणाला, दिवाळीत अमेरिकन? नंबर विसर, खलास. पण मी ऐकते होय! रोज ड्यूटी संपवून नर्स यायची, कागदावर तट काढून द्यायची, आणि आम्ही दोघी कोपरापर्यंत चिखलात. निळा टेबलक्लॉथ झाला खाडी. दहा दिरहमच्या दुकानातले हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक अमेरिकन झाले. बुद्धिबळातली पांढरी फौज तटाच्या आत, ते स्पेनवाले. दरवाजा आइस्क्रीमच्या काड्यांचा. हसून हसून पोट दुखायचं आमचं.

मावळे मात्र पुण्याहून सामानातून आणलेले खरे मातीचे होते. हाताच्या सवयीने मी ते भराभर तटावर मांडले. किल्ल्यावर मावळे, दुसरं काय असणार? नर्सने एकेक अलगद उचलून खाली, तटाबाहेरच्या खंदकात ठेवला. एक तिने बंद दरवाजाच्या अगदी समोर उभा केला. हे माझे खापरपणजोबा, म्हणाली.

धनत्रयोदशीला संध्याकाळी परीक्षक काका आले. पस्तीस वर्षं दुबईत काढलेला कडक माणूस. नर्सही ड्यूटीवरून तशीच, युनिफॉर्ममध्ये आली होती. काकांनी तटाला बोट लावलं, खरी माती, असं स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि मावळे बाहेर कसे ते विचारलं. मी एका दमात सगळी हकिगत सांगितली. मधेच त्यांच्याही तोंडून "हरामखोर" निघून गेलं, लेक फिसकन हसली.

"वहिनी, काम पहिल्या नंबराचं आहे," ते म्हणाले. "पण मावळे दाराबाहेर ताटकळलेले, आणि त्याला मी नंबर दिला, तर लोक मला फाडून खातील. दार उघडा. सगळ्यांना आत घ्या, तटावर चढवा. मी इथेच पहिला नंबर लिहून टाकतो."

पहिला नंबर! लेकीचा हात दरवाजावर गेलासुद्धा. माझाही गेला असता, खोटं कशाला बोलू. मी नर्सला इंग्रजीत सांगितलं की काका तुझ्या माणसांना आत घ्यायला सांगताहेत. मला वाटलं, सगळ्यात जास्त आनंद तिलाच होईल.

"नको उघडू," ती म्हणाली. "ते आत गेलेच नाहीत. आज आत घेतलंत, तर अमेरिकेने काहीच केलं नाही असं होईल."

मला तिचा राग आला. खरंच आला! आठ दिवस राबलो, तीन वर्षं वाट पाहिली, आणि हिला एक काडीचं दार उघडवत नाही? मी तिच्याकडे पाहिलं. ती किल्ल्याकडे बघत होती, त्या एका मावळ्याकडे. मी लेकीचा हात धरून बाजूला घेतला आणि काकांना म्हटलं, दार बंदच राहील.

काकांनी तिला विचारलं, तुमचे कुठले? तिने बोट दाखवलं. पुढे त्यांचं काय झालं, तेही विचारलं. ती म्हणाली, काही महिन्यांनी अमेरिकेशीच लढाई सुरू झाली, त्यात गेले. घरच्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते या दरवाजाबाहेरच.

काकांनी कागदावर आमच्या नावापुढे नंबराच्या जागी नुसती रेघ मारली, पेन खिशाला लावलं, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत खाली बसून दरवाजासमोरच्या त्या मातीच्या माणसाला नमस्कार केला.