बाबत म्हटलं की मंजूर

सभा म्हटली की आजही माझा पाय हलायला लागतो. खुर्चीत बूड टेकत नाही. पंचवटीतल्या आमच्या कॉलनीत सोसायटीची वार्षिक सभा भरायची, तेव्हापासूनचं हे दुखणं.

सभेची एक रीत होती. सेक्रेटरी विषय वाचायचे आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी 'बाबत' यायचं. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणेबाबत. हिशेबतपासनीस नेमणेबाबत. 'बाबत' कानावर पडलं रे पडलं की सगळे ओरडायचे, "मंजूर! मंजूर!" लवकर मंजूर म्हणजे लवकर चहा. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा. बाबा गेल्यावर घर तिच्या नावावर झालं, ती सभासद झाली. खेड्यातून आलेल्या बाईला चारचौघांत खुर्ची मिळाली, वर हो म्हणायचा हक्क! तिला त्याचं भारी अप्रूप, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अगं, आधी ऐकून तर घे," म्हटलं की म्हणायची, "शिकलेली मानसं हायेत ती. खोटं कशाला वाचतील?"

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची सभा. मी टायपिंगच्या परीक्षा देत होते, नोकरीचा पत्ता नव्हता. घर चालायचं ते आईच्या शिवणवर्गावर. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत तिनं मशिनं मांडली होती, कॉलनीतल्या बायका तिथं शिकायला यायच्या. मी सभासद नव्हते, म्हणून त्याच बायकांबरोबर दाराशी उभी होते. नुसती चुळबुळ चालली होती माझी.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "विषय क्रमांक पाच. संस्थेच्या मालकीच्या अतिरिक्त वास्तूचा व्यापारी तत्त्वावर विनियोग करणेबाबत."

"मंजूर!" आई सगळ्यांच्या आधी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कांद्याच्या एका व्यापाऱ्याला कॉलनीत गोदाम हवंय, अशी कुजबुज मी ऐकली होती. अतिरिक्त वास्तू म्हणजे आईची खोली! मी दारातूनच ओरडले, "हरकतीचा मुद्दा!"

अध्यक्ष कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. माणूस सज्जन, पण नियम सोडून एक पाऊल टाकणार नाही. "बेटा, तू सभासद नाहीस," ते म्हणाले. "तुला हरकत घेता येत नाही."

"डोंबल तुमचं! आई, अगं आपली खोली दिली यांनी गोदामाला. आणि मंजूर तूच म्हणालीस!"

आई आधी माझ्याकडे, मग सेक्रेटरींकडे बघत राहिली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. माझा जीव इतका तुटला म्हणून सांगू!

अध्यक्षांनाही वाईट वाटलं असावं. "ताई, फेरविचार मागता येतो," ते म्हणाले. "ज्यानं मंजूर म्हटलं, त्यानंच तो मागायचा असतो. तुम्ही मागू शकता."

आई उठली. "मागते. मला कळलंच नाय वो. खोली नका देऊ, लय उपकार होतील."

"अनुमोदक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"आम्ही!" माझ्याभोवतीच्या बायका एकदम म्हणाल्या.

"अनुमोदन सभासदानंच द्यायला हवं."

सभासद त्यांचे नवरे. माझ्याशेजारची बाई पुढे वाकून म्हणाली, "अहो, उठा की!" तिचा नवरा चपलेचा अंगठा न्याहाळत बसला. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. गोदामाचं भाडं आलं की सगळ्यांची वर्गणी माफ होणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. आम्हीच तेवढ्या अडाणी. एकेकाची गचांडी धरून उठवावा असं वाटत होतं मला.

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. थांबले. मग म्हणाले, "अनुमोदनाअभावी सूचना बारगळली."

"म्हंजे झालं?" आईनं विचारलं.

"झालं, ताई."

मी सरळ आत शिरले आणि तिचा दंड धरला. "चल घरी. थुंकायचंसुद्धा नाही इथे." तिनं माझा हात सोडवला आणि खाली बसली.

"विषय क्रमांक सहा," सेक्रेटरी घाईघाईनं वाचायला लागले. "पोटनियमातील तरतुदीस अनुसरून राखीव निधीची गुंतवणूक करणेबाबत."

सवयीनं दोन-चार तोंडं उघडली, पण आईकडे नजर जाताच मिटली.

"परत वाचा," आई म्हणाली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "सावकाश वाचा. आन् एकेका शब्दाचा अर्थ सांगा मला. मला समजंपर्यंत कुणी मंजूर म्हणायचं नाय."