अभनपूरच्या लग्नाची फाइल

“काढली म्हन्ते, पण दिसून तर नाही राहिली,” कुंदाताई स्क्रीनकडे डोळे बारीक करून म्हणाल्या.

स्क्रीनवर स्वच्छ मराठीत वाक्य होतं : ‘अभनपूरच्या लग्नाची फाइल काढली आहे.’ ते वाचून फाइल कुठे गेली, ते मला कळलं होतं.

कुंदाताईंचा गोल बाजाराजवळ फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो त्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या गोदामात ठेवतात. आमच्या शंकर नगरातल्या छोट्याशा कंपनीनं त्यांच्यासाठी एआय एजंट बनवला होता; त्या त्याला ‘बापू’ म्हणत. एजंट नुसतं बोलत नाही, सांगितलेलं काम करूनही टाकतो. त्यासाठी त्याला टूल्स दिलेली असतात : फाइल शोधायचं, उघडायचं, डिलीट करायचं. कोणतं टूल कधी वापरायचं, हे तो त्या टूलचं वर्णन वाचून ठरवतो. ती वर्णनं लिहिणं, म्हणजे डॉक्युमेंटेशन, ही माझी नोकरी. माझा वाचक मशीन आहे. प्रत्येक शब्द वाचतो, पण कधी ‘छान लिहिलंय’ म्हणत नाही.

कुंदाताईंना सगळं मराठीत हवं होतं, म्हणून वर्णनंही मराठीत होती. डिलीटच्या टूलसाठी मी चांगला मोठा परिच्छेद लिहिला होता. हे टूल फाइल ट्रॅशमध्ये ठेवत नाही, कायमची पुसतं. आधी फाइलचं नाव सांगून विचारा. स्पष्ट ‘हो’ आल्याशिवाय हात लावू नका. आमचे बॉस देवघरे सर तो वाचून वैतागले.

“बाकीच्या टूलले एक ओळ, आन् याले निबंध काहून?”

“सर, गेलेली फाइल परत येत नाही.”

“एजंट हुशार हाय. समजते त्याले.”

त्यांनी निबंध उडवला आणि स्वतःच्या हातानं दोनच शब्द लिहिले : ‘फाइल काढते.’ उघडण्याच्या टूलपुढे होतं ‘फाइल उघडते.’

मग डेमोच्या दिवशी कुंदाताई माइकमध्ये प्रेमानं म्हणाल्या, “बापू, अभनपूरच्या लग्नाची फाइल काढ बरं.” बापूनं ऐकलं आणि फाइल कायमची पुसली.

“अगं, कपाटातून साडी काढतो तसं काढ म्हनलं म्या!” कुंदाताई ओरडल्या. “दुपारी पोरीकडचे फोटो पसंत करायले येऊन राहिले!”

“बॅकअप?” सरांनी हळूच विचारलं.

“तुमीच म्हनले होते ना, क्लाउडवर हाय तर कायची चिंता!”

सर भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या फोटोकडे बघू लागले.

मी विचारलं, “ताई, कॅमेऱ्याचं कार्ड कुठाय?”

कार्ड फोटोग्राफर संतोषकडे होतं, आणि संतोष दुसऱ्या लग्नासाठी तासाभरावरच्या दुर्गला गेला होता. कुंदाताईंनी फोन स्पीकरवर लावला.

“संतोष, कार्ड रिकामं केलं का?”

“बस, अभी फॉर्मेट कर रहा हूँ दीदी. हल्दी शुरू होने वाली है.”

सरांनी फोन हिसकावला. “भैया, कुछ मत दबाना! हाथ हटाओ!”

“हव, हटा लिया,” संतोष घाबरून म्हणाला. “पर हल्दी किसमें खींचूँ?”

“मैं नया कार्ड लेकर आ रहा हूँ. रोको हल्दी!”

“सर, हल्दी मैं कैसे रोकूँ? दुल्हन की बुआ बैठी है.”

सर गाडीत बसून निघालेसुद्धा. कंपनीचे मालक कार्ड पोचवायला दुर्गला गेले, हे ऑफिसात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

इकडे मुलीकडचे वेळेवर आले. नवी नवरी, तिची आई आणि एक मामी.

“फोटो तैयार हैं ना?” आईनं विचारलं.

“रास्ते में हैं,” कुंदाताई म्हणाल्या आणि चहा मागवला. चहा दोनदा झाला. मामींनी कपाळावर आठ्या घातल्या. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून माझा निबंध परत टाकला. सुरुवातीलाच लिहिलं : ‘कायमचं पुसतं.’ ‘काढ’ या शब्दाचा अर्थ कधीही पुसणं धरू नये, अशीही ओळ घातली.

घामाघूम सर कार्ड घेऊन आले. फोटो उघडले आणि आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडला. नवरी भराभर पसंत करत गेली. एका फोटोवर थांबून म्हणाली, “ये डिलीट कर दो. इसमें मामी मुझसे अच्छी लग रही हैं.”

“नाही!” आम्ही तिघं एकदम ओरडलो.

नवरी दचकली. मामी मात्र पहिल्यांदा हसल्या आणि त्या फोटोची एक कॉपी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या परिच्छेदातला स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. शिवाय प्रोग्राममध्येच कुलूप घातलं : माणसानं बटण दाबल्याशिवाय डिलीट होणारच नाही. एवढं करून आम्ही कुंदाताईंना नवं व्हर्जन दाखवायला गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “पण बापूच्या हातातून ते टूलच घेऊन घ्या. पुसाचं काम मी करीन.”

तेव्हापासून कोणतंही टूल लिहायला घेताना मी आधी एकच विचारते : हे एजंटला द्यायलाच हवं का? पुष्कळदा नको असतं, आणि माझं एक पान लिहायचं वाचतं.