ड्रोन नव्हे, शुक्र

मी शुक्राच्या चांदणीला चोरांचा ड्रोन समजलो आणि मेव्हणीच्या लग्नाची बोलणी करायला निघालेले पाहुणे अर्ध्या वाटेतून माघारी धाडले.

त्या दिवसांत आमच्या भागात ड्रोनची हवा होती. चोर म्हणे आधी ड्रोन सोडून घरं हेरतात. असल्या गोष्टींना हसणारा शहाणा जावई म्हणून सासरवाडीत माझं थोडंफार नाव होतं. त्या दिवशी दिवेलागणीला इंदापूरहून अंथुर्ण्याला, सासरी निघालो, तर समोर उसाच्या शेंड्यांवर एक दिवा. मी गाडी पळवली की तोही पळायचा, मी थांबलो की थांबायचा. माझ्यावर पाळत ठेवून चोरांना काय मिळणार, हा विचार मला शिवलाही नाही. लग्नासाठी दोन्ही घरांचा एक ग्रुप केला होता. त्यावर लिहिलं, ‘अंथुर्णे रस्त्यावर ड्रोन. स्वतः पाहिला. कुणी बाहेर पडू नये.’

घरी पोचलो तर अंगणात सतरंजी अंथरलेली, पोह्यांची परात भरलेली आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. मुलाकडची माणसं कन्हेरीहून तारीख धरायला निघाली होती, ती माझा निरोप वाचून फिरली. मुलाची सुट्टी संपत आलेली. आज ठरलं नाही तर लग्न थेट पुढच्या सुट्टीवर जाणार होतं. मेव्हणी दारात उभी.

“कुठं हाय तुमचा ड्रोन?” सासऱ्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं.

त्यांनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “पाव्हणं, शुक्र हाय त्यो. त्याचा अस्त हुता म्हणून तर लगीन अडलं हुतं. आता उगवला, म्हणून माणसं बोलावली. आन् तुमी त्याच्याच नावानं बोंब ठोकली व्हय? लावा फोन आता. तुमीच लावा.”

मी मुलाच्या चुलत्यांना फोन लावला. “आबा, ड्रोन नाही. शुक्र आहे.”

ते म्हणाले, “नक्की ना? न्हायतर आमी यायचो, आन् तुमी चंद्राला भिऊन दार लावून घ्यायचा.”

आले बिचारे. पोहे पुन्हा गरम झाले, हसता हसता तारीखही ठरली. मेव्हणी चहा घेऊन आली तेव्हा मी हळूच म्हणालो, “मांडव, वाजंत्री, काय असेल ते सांग. मी बघतो.”

“दाजी,” ती म्हणाली, “तुमी कायबी बघू नका. फकस्त जेवायला या.”