झेफानियासचे खांदे

एल्बे नदीच्या काठी वाळूच्या दगडाचे जे शेकडो सुळके उभे आहेत, त्यांत एकाचं नाव ‘म्हातारी’. कमरेत वाकलेली, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. तिच्या पायथ्याचा दोन पुरुष उंच कातळ असा गुळगुळीत, की पालीनंही हात जोडून माघारी फिरावं. पहिली पकड त्याच्या वर. तिथवर पोचायची एकच रीत: एकानं खाली उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावर चढायचं. दगडात लोखंड अडकवायचं नाही, हाताला खडूची पूड लावायची नाही, हा त्या मुलखातला जुना कायदा. माणसाच्या खांद्यावर पाय द्यायला मात्र कायद्याची हरकत नाही.

ते खांदे झेफानियास मुशांगाचे होते.

झेफानियास मूळचा मोझांबिकमधल्या शिमोयोचा. गावामागे एक डोंगर होता, उताण्या झोपलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारखा. लहानपणी तो त्या चेहऱ्याच्या नाकापर्यंत चढून आला आणि पूर्वजांच्या तोंडावर पाय दिला म्हणून आजोबांच्या हातचा मार खाऊन उपाशी झोपला. मिसरूड फुटायच्या वयात दोन सरकारांच्या करारावर विमानात बसून तो पूर्व जर्मनीत आला. तिथे पिर्नाजवळच्या सुताच्या गिरणीत काम मिळालं आणि वसतिगृहात एक खाट. संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं, आणि रविवारी तर मुळीच नव्हतं.

शेजारच्या यंत्रावर गेर्नोट होता. दरवाजाएवढा माणूस, आवाज त्याहून मोठा. ‘ओली दोरी’ नावाच्या गिर्यारोहण मंडळाचा तो तेव्हाच आधारस्तंभ मानला जाई. एका रविवारी तो झेफानियासला घेऊन गेला.

“बूट काढ,” तो म्हणाला. “दगडाला पायाची कातडी आवडते.”

झेफानियासनं बूट काढले आणि चढला. त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. खालून कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर माकडासारखा चढतो!” मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं जीभ चावली.

गेर्नोटनं त्याला तिथल्या तिथं झाडला. “माझ्यासारखा चढतो म्हण, गाढवा!”

माणूस असा होता तो. पुढचं सगळं ऐकताना हे विसरू नये.

त्याच दिवशी दुपारी मंडळी म्हातारीपाशी पोचली. खाली उभा राहणारा नेहमीचा गडी पाठ धरून बसला होता. गेर्नोटनं झेफानियासला पायांपासून मानेपर्यंत न्याहाळलं. “तू रुंद आहेस. उभा राहा बरं जरा.”

झेफानियास उभा राहिला. गेर्नोट त्याच्या खांद्यांवर चढला, मग तळहातावर, आणि वर गेला. झेफानियास तसूभर हलला नाही. घात झाला तो तिथेच. नाटक कंपन्यांत जुनी माणसं सांगायची, की ज्याला एकदा भालदाराचं काम शोभलं त्याला पुढे राजा कोणी करत नाही. तो मेला तरी भाला हातात घेऊनच मरतो.

खाली उभं राहणं हे काम दिसतं सोपं. पाठ कातळाला टेकवायची. पाय खांद्याइतके फाकवून गुडघे किंचित वाकवायचे. वर बघायचं नाही, कारण वरून वाळू पडते आणि डोळे मिटले की तोल जातो. श्वास पोटातून घ्यायचा, छातीतून घेतला तर वरच्याचा पाय हलतो. आणि शेवटी वरच्याचं पाऊल तळहातावर घेऊन एका दमात डोक्याच्या वर उचलायचं. हे सारं झेफानियास आपलं आपण शिकला. मंडळात दुसऱ्या कुणाला शिकायची गरज पडली नाही.

म्हातारी पहिल्यानं, म्हणजे वरून दोरी नसताना जो चढेल, त्याच्या नावाचा बिअरचा मग मंडळाच्या खोलीत खिळ्याला टांगायचा अशी ‘ओली दोरी’ची रीत होती. बाकीचे मागून, वरून सोडलेल्या दोरीच्या आधाराने यायचे. झेफानियासही यायचा, सगळ्यांच्या शेवटी, दोरीनं ओढून घेतलेला. शिखरावर सगळ्यांशी हात मिळवायचा, हसायचा, आणि खाली उतरून पाहुण्यांच्या मगातून बिअर प्यायचा. त्याला कुणी कमी लेखत नसे. उलट, “हा आमचा खांब!” असं गेर्नोट नव्या माणसाला अभिमानानं सांगायचा आणि त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. खांबाचं कौतुक सगळेच करतात. खांबाला कुणी गच्चीवर नेऊन बसवत नाही.

मग दोन जर्मनींमधली ती भिंत पडली, गिरणी बंद झाली. वसतिगृहातली पोरं एकेक करून विमानात बसवली गेली. झेफानियास राहिला, कारण गिरणीतल्या हिशेबनीस उटेच्या पोटात त्याचं मूल होतं. तो हिवाळा वाईट होता. डोकी भादरलेली पोरं स्टेशनवर टोळ्यांनी उभी असायची आणि काळा माणूस दिसला की त्यांना चेव यायचा. झेफानियास तेव्हा ड्रेस्डेनला सुतारकाम शिकायला जायचा, परतायला अंधार व्हायचा. त्या सबंध हिवाळ्यात रोज संध्याकाळी गेर्नोट फलाटावर उभा असे, खांद्यावर दोरीचं वेटोळं. कुणी विचारलं तर म्हणायचा, “चढाईला निघालोय.” झेफानियासला घरापर्यंत सोडायचा, उटेच्या हातचं बटाट्याचं सूप प्यायचा आणि जायचा. एकदा भिरकावलेला दगड त्याच्या डाव्या भुवईवर लागला. टाके पडले. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या पट्टी बांधून पुन्हा फलाटावर.

असे उपकार माणूस कसे फेडतो? झेफानियासनं ते रविवारच्या रविवारी फेडले.

वर्षं गेली. मुलगी मोठी होऊन हॅम्बुर्गला गेली. झेफानियास सुतार झाला. हिवाळ्यात पायांना स्कीच्या पट्ट्या बांधून बर्फावर हिंडायचा, उन्हाळ्यात पहाटे एल्बेत पोहायचा, आणि दगडाशिवाय त्याचा रविवार गेला नाही. भोवतालचे कितीतरी सुळके तो पहिल्यानं चढला. मंडळात त्याच्या तोडीचे दोघंतिघंच असतील. फक्त म्हातारी राहिली, कारण तिच्यापाशी गेलं की तो खाली उभा राहायचा.

शिमोयोहून आईचा फोन यायचा.

“रविवारी काय करतोस रे?”

“दगड चढतो, आई.”

“वर काय असतं?”

“काही नाही.”

“मग?”

“मग खाली येतो.”

“अरे, मग मुळात खालीच का नाही राहत?” असं म्हणून ती माउली हसायची. तिला कुठे ठाऊक, की लेक खालीच राहतो.

त्यानं मागितलं नाही असं नाही. एकदा चाळिशीत म्हणाला होता, “गेर्नोट, या खेपेला तू उभा राहा, मी जातो.” गेर्नोट म्हणाला, “जरूर! पण आज दगड ओला आहे.” खरंच ओला होता. भिजलेला वाळूचा दगड बिस्किटासारखा तुटतो. पुढल्या वर्षी नवी पोरं आली होती. “त्यांना आधी जाऊ दे, उत्साह मोडतो रे.” त्याच्या पुढल्या वर्षी गेर्नोटचा गुडघा. नाही असं कुणी कधी म्हटलं नाही. नुसतं नाही म्हटलं असतं, तर बरं झालं असतं.

“मी उभी राहते,” एकदा उटे म्हणाली. ती चिमणीएवढी बाई.

“तू उभी राहिलीस तर मी वर जायच्या ऐवजी तू जमिनीत जाशील,” तो म्हणाला. दोघं हसले. पण त्या रात्री उटेला झोप लागली नाही.

तिकडे वाढदिवस दहाच्या पटीतला असला की मोठा मानतात. ‘ओली दोरी’त त्या दिवशी मान ज्याचा वाढदिवस त्याचा: तो सांगेल तो सुळका, आणि सगळ्या मंडळानं यायचं. झेफानियास साठीचा होणार होता. बैठकीत गेर्नोटनं विचारलं, “बोल खांबा, कुठला सुळका?”

“म्हातारी,” तो म्हणाला. “पहिल्यानं. मी.”

टाळ्या पडल्या. “आता हा आमचा खांब चालायला लागला!” कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. झेफानियासही हसला. त्याच्या उजव्या खांद्याची कूर्चा झिजली होती, वाढदिवसानंतर थंडी सरली की शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर दगड नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. हे फक्त उटेला माहीत होतं.

वाढदिवसाला ऊन पडलं. दगड खडखडीत कोरडा. मंडळी बायकापोरांसकट आली, सॉसेजचा डबा, बिअरची पेटी, उटेनं केलेला चक्क्याचा केक. झेफानियासनं बूट काढले, दोरी कमरेला बांधली आणि चढाईच्या आरंभी पहिल्यांदा म्हातारीकडे पाठ न करता तोंड करून उभा राहिला. इतकी वर्षं तिच्यापाशी येऊन त्यानं तिच्या पायथ्याचा कातळ असा समोरून फारसा पाहिलाच नव्हता.

“चल, मी उभा राहतो!” गेर्नोट गरजला. “माझाच मान आहे तो.”

उभा राहिला. पाय जोडून उभा राहिला, फोटोला उभं राहतात तसा. झेफानियासनं एक पाय त्याच्या खांद्यावर टेकवला मात्र, गेर्नोट कण्हत खाली बसला. “गुडघा, गुडघा!”

“पाय फाकव,” झेफानियास म्हणाला. “पाठ दगडाला लाव.”

“मला शिकवतोस? अरे, तू जन्मायच्या आधीपासून मी इथे…” आणि पुन्हा बसला.

मग गेर्नोटचा जावई पुढे आला, बेनेडिक्ट. तरणाबांड, शहरातल्या भिंतीवर सराव करून दंड कमावलेला. त्याचा मग गेल्याच उन्हाळ्यात खिळ्याला लागला होता. कुणाच्या खांद्यांवरून, ते सांगायला नकोच. बेनेडिक्ट उभा राहिला. झेफानियास त्याच्या खांद्यांवर चढला, सरळ झाला, पकडीपासून हात वीतभर दूर. “आता पाऊल तळहातावर घे,” तो शांतपणे म्हणाला. “आणि वर बघू नकोस.”

बेनेडिक्टनं वर बघितलं. वाळू डोळ्यात गेली, त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि साठ वर्षांचा माणूस कातळाला घासत खाली आला, नेमका उजव्या खांद्यावर.

“सॉरी, झेफ! डोळ्यात गेलं!”

“जातं,” झेफानियास म्हणाला.

तिसरा कुणी पुढे येईना. ज्यानं त्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. तिथल्या सगळ्यांना त्या खांद्यांवरून चढता येत होतं. एकालाही खांदा देता येत नव्हता. हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि कळल्याची लाज वाटायच्या ऐवजी थोडा कंटाळा आला. ऊन चढत होतं, पोरं केक मागत होती.

बेनेडिक्ट डोळे पुसत म्हणाला, “मी काय म्हणतो, चांगला दिवस वाया का घालवायचा? झेफ, तू उभा राहा, मी पटकन जातो, दोरी सोडतो, तू ये. आज सगळ्यात आधी तुला ओढतो!”

“बरोबर!” गेर्नोट म्हणाला. “वर गेल्यावर नजारा तोच ना?”

झेफानियासचे पाय आपोआप फाकले. पाठ कातळाकडे वळली. शरीराला इतकी वर्षं तेच माहीत होतं. बेनेडिक्टनं त्याच्या मांडीवर पाऊल ठेवलंसुद्धा. मग झेफानियासनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं, आणि एकेक करून ते जवळ घेतले.

“उतर,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“मी उभा राहणार नाही.”

“अरे, आजच्या दिवस…”

“आज नाही, आणि पुन्हाही नाही. नजारा मला ठाऊक आहे. तो तुम्ही मला दोरीनं ओढून दाखवलाय.”

गेर्नोटचा चेहरा लाल झाला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला सगळ्यांसमोर नाही ऐकायची सवय नव्हती. डाव्या भुवईवर बोट ठेवून तो म्हणाला, “हे विसरलास? स्टेशनवरून तुला घरी कोण आणायचं?”

उटे केक कापता कापता थांबली. सुरी तिच्या हातात तशीच.

“तूच आणायचास,” झेफानियास म्हणाला. “मी एक दिवसही विसरलो नाही. पण तेव्हा तू माझ्या शेजारून चालायचास, गेर्नोट.”

शेवटी केक खाल्ला गेला. कारण केक होता, आणि माणसं भिडस्त होती. कुणीतरी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं, दोन ओळींत ते आपोआप विझलं. झेफानियासनंही एक तुकडा खाल्ला, उटेनं केला होता म्हणून. त्या दिवशी म्हातारीवर कुणी चढलं नाही.

परतीच्या वाटेवर दगडात खोदलेल्या पायऱ्या फार उभ्या आहेत. मंडळी उतरत होती, तरुण पुढे, वयस्क मागे. गेर्नोट दोनदा दगा दिलेल्या गुडघ्यावर लंगडत सर्वांत मागे राहिला. त्याच्या पुढे झेफानियास, आणि त्याच्याही पुढे एक पायरी उटे. एका वळणावर गेर्नोटचा पाय घसरला, आणि न विचारता, न बघता, त्याचा पंजा झेफानियासच्या उजव्या खांद्यावर येऊन पडला. सगळा भार घेऊन.

झेफानियास थांबला. ठणका मेंदूपर्यंत गेला असेल. त्यानं तो हात हळूच उचलून बाजूच्या कठड्यावर ठेवला. मग झाडीत शिरला, बीचची एक वाळकी फांदी गुडघ्यावर मोडली, सुताराच्या हातानं तिचे फाटे सोलले आणि काठी गेर्नोटच्या मुठीत दिली.

“ही धर,” तो म्हणाला. “ही तुझा भार पेलेल.”

“झेफ…” गेर्नोट म्हणाला.

पण झेफानियास तोवर उटेच्या बरोबरीला पोचला होता. तिनं त्याच्या डाव्या बाजूनं हात धरला, आणि दोघं नदीकडे उतरत गेले.