वाचलं, पटलं नाही

अक्का, कोल्हापूरच्या स्टेशनावर तू माझ्या हातात भाकरीचा डबा दिलास आणि अप्पा तोंड फिरवून उभे राहिले, ते तुला आठवत असेल. एम.एस्सी. झालेली मुलगी लग्न करायचं सोडून पुण्याला संशोधन करायला निघालीय, हे पेठ वडगावच्या आपल्या नात्यात कुणालाच पटलं नव्हतं. गाडी हलायच्या बेतात असताना अप्पा खिडकीशी आले. "जातीस तर जा," म्हणाले. "पर कुणी काय बोललं म्हणून अर्ध्यातनं परत यायचं न्हाय."

माझा विषय गूळ. उसाचा रस उकळताना रानभेंडीचं पाणी घातलं की सगळी मळी वर येते. ते का, हे मला शोधायचं होतं. माझे गाईड विद्वान माणूस, साखरेवरचे त्यांचे निबंध परदेशात छापून आलेले. हंगामात तीन महिने गावाकडे राहून गुऱ्हाळांतले नमुने आणते, असं मी म्हटल्यावर त्यांनी कागदावरची नजर न काढता मान हलवली.

ते तीन महिने तू पाहिलेसच. धुरानं डोळे सुजलेले, आणि मी रस उकळणाऱ्या काहिलीशेजारी उभी राहून दर पाच मिनिटांनी तापमान लिहितेय. गूळ करण्यात मुरलेले आपले गुळव्या शंकरमामा आधी हसले, मग स्वतःच मला हाका मारायला लागले. "आता बघ की, फेस बदलाय लागलाय." मी तीन वह्या भरल्या.

पुण्यात परतले तर सहामाही अहवाल तयार होता. गाईडनं शेरा लिहायचा, विद्यार्थ्यानं खाली सही करायची आणि कागद समितीकडे जायचा, अशी रीत होती. लागोपाठ दोन वाईट शेरे आले की नाव कमी व्हायचं. पहिल्या सहामाहीत उपकरणं वेळेवर आली नव्हती, तरी वाईट शेरा माझ्याच नावावर पडला आणि त्यावर मी मुकाट्यानं सही केली होती. आता लिहिलं होतं, "प्रगती असमाधानकारक. प्रयोगशाळेत हजेरी नाही. चिकाटीचा अभाव."

चिकाटीचा अभाव. माझ्या मनगटावर अजून पाकाचा चटका ओला होता.

मी सही करणार नाही म्हटलं. सर शांतपणे म्हणाले, "सही म्हणजे संमती नव्हे. वाचल्याची खूण, एवढंच."

"मग तसंच लिहिते," म्हणाले मी, आणि सहीवर लिहिलं, 'वाचलं, पटलं नाही.' समितीसमोर म्हणणं मांडू द्यावं, असा अर्जही जोडला. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. आठ दिवस जेवण गेलं नाही.

समितीत चौघे. एकानं विचारलं, लग्नाचा काही विचार आहे का. मी म्हटलं, तसा रकाना अहवालात नाही. मग वह्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी त्या पानापानानं वाचल्या, अर्धा तास मला खोदून खोदून विचारलं आणि शेवटी सरांकडे वळले. ही तुमच्या परवानगीनं गेली होती का?

 "हो म्हणालो असेन," सर म्हणाले. "गुळासाठी कुणी खरंच तीन महिने घालवेल, असं वाटलं नाही."

शेरा रद्द झाला. पण त्यांच्या हाताखाली राहणं शक्य नव्हतं. दुसरे गाईड मिळेपर्यंत पुरतं वर्ष गेलं. त्या वर्षात आपली आजी, अव्वा, गेली आणि मला डॉक्टर झालेलं तिनं पाहिलं नाही. हे कुठल्याच समितीला भरून देता येणार नव्हतं.

आता माझ्याकडे विद्यार्थी येतात. त्यांचा अहवाल मी आधी त्यांनाच वाचून दाखवते. ते भांडतात, कधी उगाचच भांडतात. भांडू देत.

तू पत्रात दर वेळी विचारतेस, घरी कधी येणार. आणि इथले, पुण्यातले शेजारी विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या. अक्का, जिथं मला माझी बाजू मांडायला अर्ज करावा लागत नाही, ते माझं घर. तसं एक तुझ्याकडे आहे, दुसरं मी इथं उभं केलंय. ज्यांना मी इथली वाटत नाही त्यांनी आपलं मत बदलावं. मी पत्ता बदलणार नाही.