डाव्या हाताला साठ अंश

प्रियदर्शनी मॅडम नऊ वर्षं आमच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात, तेही तासिकेवर. तास घेतला तर मॅडम, नाही तर कुणी नाही. सकाळी परतवाड्यात दोन तास, मग जीपमध्ये कोंबून घेऊन चांदूर बाजारला आमच्याकडे चार. मी मराठीचा मास्तर, कायम आहे, म्हणून मला दमायचा हक्क नाही. पण त्यांना बघूनच मी दमतो.

अकरावीला त्या बिंदूचा पत्ता सांगायच्या दोन तऱ्हा शिकवतात. कार्तीय म्हणजे आडवं इतकं, उभं इतकं. ध्रुवीय म्हणजे मध्ये उभं राहा, अमुक अंशांत वळा आणि नाकासमोर इतकं चाला. ही दुसरी तऱ्हा आमच्या पोरांना लगेच पटते. शेतात विहिरीपासून सगळं असंच सांगतात. घोडं अडतं वळण्यात. गणितात उगवतीकडे तोंड करून डाव्या हाताला वळायचं. आमची पोरं दरवर्षी न चुकता उजवीकडे वळतात. देऊळ असो की स्तूप, प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यासारखीच घालायची, हे त्यांच्या पायांत भिनलेलं असतं.

मॅडम त्यांना ग्राउंडवर नेत, खुंटीला दोरी बांधून डावीकडे फिरवत, घसा बसेपर्यंत. वर सांगत, "सवयीवर भरवसा ठेवू नका. माह्यावरही नका ठेवू. चुकलं दिसलं की बोला."

यंदा कायम जागा निघाली. पुढल्या वेळी मॅडम वयात बसणार नव्हत्या, म्हणजे ही शेवटचीच. निवड समिती त्यांचा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसली. नेमकी त्या दिवशी जीप पंक्चर झाली, आणि मॅडम दोन किलोमीटर चालत, घामाघूम वर्गात पोचल्या. फळ्यावर बिंदू घेतला: अंतर दोन, कोन साठ अंश. आणि रेघ ओढली उजवीकडे, खाली. नऊ वर्षं जी चूक मोडत आल्या, ती त्यांच्याच हातून झाली.

दीक्षा नावाची पोरगी उभी राहिली. "मॅडम, वाय उणे येऊन राहिला. आपुन डाव्या आंगानं फिरतो ना?"

समितीतल्या एकानं कागदावर काहीतरी लिहिलं. जागा दुसऱ्याला गेली, आणि कशामुळे गेली ते पोरांनाही कळलं.

"पोरगी बोलली तेवा छाती फुगली, सर," मॅडम मला म्हणाल्या. "अन् त्याच घडीले वाटलं, कायले बोलली मेली!" डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला मात्र त्या समितीचा असा संताप आला की डबा तसाच परत नेला.

सोमवारी मी व्हरांड्यातून चाललो होतो. मॅडमच्या वर्गात फळ्यावर नवा बिंदू होता, कोन तीस अंश, आणि रेघ पुन्हा उजवीकडे, खाली. मी थबकलो. मॅडम खडू धरून वाट बघत होत्या. या वेळी मुद्दाम चुकल्या होत्या.

"बरोबर आहे का?"

सगळ्या माना वह्यांत. दीक्षा पट्टी लावून तीच चुकीची रेघ ओढत होती.

"दीक्षा, तू तरी बोल वं."

"बरोबर आहे मॅडम," ती मान वर न करता म्हणाली.

मॅडम फळ्याकडे वळल्या, डस्टर हातात घेतला, आणि पोरांकडे पाठ करून रडल्या.