साडूंची भोकांची लादी

भोकावर इतकं निर्मळ प्रेम करणारा माणूस माझ्या साडूंखेरीज अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही. ते अकोटला ओव्हरशियर आणि मी अमरावतीला कारकून. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे दिवाळीला भातकुलीला, सासुरवाडीत, आमची गाठ ठरलेली. सासूबाई पाय धुवायला तांब्या द्यायच्या. जावयानं पाय धुवावेत आणि घरात यावं, तर हे तांब्या अंगणात उपडा करून उकिडवे बसत आणि पाणी मुरतं की पळतं ते बघत राहत. 'मामाजी, तुमच्या अंगणाले पाणी पचत नाही,' असं त्यांनी एकदा इतक्या काळजीनं सांगितलं की सासऱ्यांनी आधी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. आमच्याकडे आले की पुरणाची चाळणी उजेडाकडे धरून न्याहाळत. बायको म्हणायची, यांना पोळी नको, चाळणीच वाढा.

या वेडाला अकोटात एक काम सापडलं. गावाच्या कडेच्या एका वस्तीतून नाल्याकडे काळ्या मातीचा उतार जात होता आणि दर पावसाळ्यात तो थोडा थोडा नाल्यात जायचा. कोणीतरी त्यावर सलग काँक्रीट ओतून पाहिलं होतं. खालची माती पावसात फुगली, उन्हाळ्यात भेगाळली आणि काँक्रीटचे पापडासारखे तुकडे झाले. उताराच्या खालच्या टोकाशी, नाल्याच्या अंगाला, एका विधवा मावशीचं घर होतं. तिच्या चुलीमागची भिंत आता अगदी काठाला टेकली होती. मुलीचं लग्न उरकून मुलासोबत अंजनगावला भावाच्या आसऱ्याला जायचं तिनं ठरवलं होतं. साडूंनी तिला थांबवलं. या पावसाळ्यात तुझं घर जाऊ देत नाही, असा शब्द देऊन बसले. आणि एकदा शब्द दिला की साडू जेवणखाण विसरत.

त्यांनी लाकडी साचे करून काँक्रीटच्या लाद्या पाडल्या. प्रत्येक लादी जाळीसारखी, आरपार भोकांची. वरच्या साहेबांनी विचारलं, भोकं ठेवून सिमेंट वाचवता की काय? साडू म्हणाले, पाणी वाचवतो. लाद्या उतारावर वाळूत बसवल्या, भोकांत बारीक खडी, माती आणि हरळी. ही हरळी मागायला ते वावरोवावरी हिंडले. जी मुळं उपटून उपटून कपाशीवाल्यांच्या पाठी मोडल्या, ती हा सरकारी माणूस पोत्यात भरून, एसटीच्या टपावर चढवून नेत होता. शेतकऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण हरळी मात्र सढळ हातानं दिली.

मग मावशीच्या मुलीचं लग्न आलं. साडू अक्षतांना गेले आणि उतार बघून तिथंच उकिडवे बसले. वस्तीतल्या बायांनी लग्नाचं सारवण काढलं होतं. पाहुण्यांचे पाय अडकू नयेत म्हणून शेणामातीनं सगळी भोकं मायेनं बुजवून, वर रांगोळीही घातली होती. लग्नघरी तोंड उघडायचं नाही म्हणून साडू अक्षता टाकून परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सळई घेऊन भोकं उकरायला बसले. मावशी संतापून समोर उभी राहिली.

"साहेब, भोक दिसलं की बाईचा हात बुजवाले जाते. तुमी काहून आमचं सारवण उकरून राहिले?"

"चूक माही हाय, मावशी. भोकं काहून ठेवली, ते म्या साऱ्या हापिसाले सांगतलं. तुमाले नाही सांगतलं."

एवढं बोलून त्यांनी तांब्याभर पाणी सारवणावर ओतलं. ते घरंगळत थेट तिच्या भिंतीला भिडलं. दुसरा तांब्या मोकळ्या केलेल्या भोकांवर ओतला, तो बघता बघता मुरला. मावशीनं भिंतीच्या ओल्या बुडाला हात लावून पाहिला. मग पदर खोचून घरातनं उलथनं घेऊन आली आणि साडूंशेजारी बसली. तिच्यामागून वस्तीतल्या बायाही आल्या.

त्या वर्षी पावसानं कहर केला. नाला दुथडी भरून वाहत होता, एसटी बंद, आणि मी नेमका साडूंकडे अडकलेला. उजाडताच ते छत्रीही न घेता निघाले, मी मागोमाग. उतार जागच्या जागी होता. साडू मावशीच्या घरात शिरले, चुलीमागच्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले. भिंत कोरडी होती. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन विचारलं, "मावशी, काही खाले हाय काय?"

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशीही नाही. मध्ये अकोटला गेलो तेव्हा मुद्दाम त्या वस्तीत गेलो. उतारावर दाट हरळी, तीत शेळ्या चरत होत्या. मावशीची सून दारात धान्य निवडत होती. हा उतार कोणी बांधला, म्हणून मी तिला विचारलं. ती हसली. म्हणाली, "बांधला कोनी जी? हा पयलेपासून असाच हाय."

मी वाकून गवतात बोटं घातली. खाली लादी होती, घट्ट. सुनेचं ते वाक्य साडूंना जाऊन सांगावं, असं मला फार फार वाटलं.